एकदाचं होऊन जाऊ दे

मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला खालच्या दारावरून फोन आला, की एक गृहस्थ आलेत आणि ते आपलं बोलणं परत मागतायत. शिपायाला मी म्हटलं, नीट विचार त्यांना काय हवंय. त्याने रिसीव्हर बाजूला धरून विचारलेलं मला ऐकू आलं. मग तो म्हणाला, "बाई, तेच म्हणतायत. जनसुनावणीत बोलले होते, ते परत हवंय." एकतीस वर्षं मी लोकांची बोलणी उतरवून घेतेय. माझं चुकीचं उतरवलं म्हणून भांडायला आलेले पुष्कळ पाहिले. मी असं बोललोच नाही म्हणणारे त्याहून जास्त. एकाने तर, बोललो ते खरं पण ते लिहायचं नव्हतं, असंही सांगितलं होतं. पण परत मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. शाळेत आपलं नाव पुकारल्यावर, का पुकारलं ते कळायच्या आधीच उठून उभं राहावं, तशी मी जिना उतरले.

खालच्या बैठकीच्या खोलीत ते उभेच होते. खुर्च्या सगळ्या रिकाम्या. साठीच्या आसपासचे, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. मी माणसं चेहऱ्याने ओळखत नाही, कारण लिहिताना माझी मान खाली असते. मी ओळखते ती आवाजाने. त्यामुळे ते "नमस्कार" म्हणाले तेव्हा मला कळलं की हे बटणवाले, शर्टाची बटणं करणारे. दुसरा दिवस, दुपारचं सत्र, जेवणानंतरचे तिसरे वक्ते. यांच्याच वेळी माइक शिट्टी वाजवायला लागला होता, आणि यंत्रवाल्याने वैतागून सगळंच बंद केलं होतं, माइकही आणि ध्वनिमुद्रणही. बाकी बासष्ट जणांचा आवाज टेपवर आहे, यांचा नाही. यांचं जे काही आहे ते माझ्या वहीत.

"तुम्हीच लिहीत होतात ना? कोपऱ्यातल्या टेबलावर?"

"हो."

"मग तुम्हाला ठाऊक असेल." त्यांनी पिशवीतून आमच्या छापील अहवालाची गोषवाऱ्याची पानं काढली. घड्या पडून पडून ती मऊ झाली होती. "यात लिहिलंय मी कराराला पाठिंबा दिला. मी दिला का?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाशी कसं वागायचं ते मला येतं. पत्ता विचारावा तसं ते मला विचारत होते, आणि मी तिथलीच असणार अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांना बसा म्हटलं. ते बसले. मग मीही बसले.

आजूबाजूच्या देशांशी व्यापार खुला करायचा, एकमेकांच्या मालावरचं आयात शुल्क हळूहळू काढून टाकायचं, असा तो करार. चार वर्षं तो येतोय येतोय म्हणत होते. शेवटी सरकारने लोकांना काय वाटतं ते विचारायचं ठरवलं, आणि आमच्या इमारतीच्या मोठ्या हॉलमध्ये तीन दिवस त्रेसष्ट माणसं येऊन बोलून गेली. मी ते सगळं लिहिलं. आणि खरं सांगायचं तर लिहिताना मला प्रत्येकाचं पटत गेलं. सायकलचे टायर करणारा म्हणाला, आम्ही बुडू, तेव्हा माझा हात जड झाला. औषधांचा व्यापारी म्हणाला, आजाऱ्याला स्वस्त गोळी मिळाली तर कुणाचं काय बिघडतं, तेव्हा मी मनात म्हटलं, खरंच की. एका प्राध्यापकांनी पडद्यावर वर चढत जाणारी एक रेघ दाखवली आणि दीर्घकाळात सगळ्यांचाच फायदा आहे असं सांगितलं. त्यांच्यामागून हातमोजे शिवणारी एक बाई उठली, तिने विचारलं, "दीर्घकाळ म्हणजे किती? माझा मुलगा नववीत आहे." लोक हसले. प्राध्यापकही हसले. मीही, मान खाली घालून. संध्याकाळी घरी जाताना मला वाटलं, आता कुणी मला थांबवून विचारलं, बाई, तुमचं मत काय, तर मी शेवटचा जो बोलला त्याचं मत सांगून मोकळी होईन.

मग गोषवारा करायचा होता. साहेबांनी तक्ता आखून दिला, रकाने दोन. पाठिंबा आणि विरोध. मी म्हटलं, साहेब, काहींचं धड हे नाही आणि धड ते नाही, तिसरा रकाना ठेवू या का. साहेब म्हणाले, "बाई, वर तिसरा रकाना गेला की फाइल खाली येते." साहेब माणूस वाईट नाही. त्यांना खरोखरच अनुभव होता. मी एकेकाच्या नावापुढे खूण करत गेले. बटणवाल्यांपाशी पेन्सिल थांबली होती, तेवढं मला आठवतं. किती वेळ थांबली ते आठवत नाही. शेवटी त्यांचं शेवटचं वाक्य पाहिलं आणि पाठिंब्याच्या रकान्यात खूण केली.

"यादी छापून आल्यापासून गल्लीत माझ्याशी कुणी बोलत नाही," बटणवाले म्हणाले. "मी आमच्या कारखानदारांच्या संघातर्फे बोललो होतो ना. बावीस कारखाने आहेत आमचे. कारखाने म्हणजे खोल्याच. माझी बटणं पॉलिशला ज्याच्याकडे जातात त्याने माझा माल घेणं बंद केलंय. माझा भाऊ भिंतीपलीकडे असतो, सकाळचा चहा एकत्र घ्यायचो, तो येत नाही. मी त्यांना सांगतो, मी असं म्हटलं नाही. ते विचारतात, मग कसं म्हटलंस? आणि मला ते सांगता येत नाही." त्यांनी पानांची पुन्हा घडी घातली. "मला फक्त माइक शिट्टी वाजवत होता ते आठवतं. आणि समोरच्या साहेबांच्या हातातलं पेन."

शॉर्टहँडच्या वह्या कचेरीतल्या कपाटातून बाहेर न्यायच्या नाहीत असा नियम आहे. एकतीस वर्षांत मी तो मोडला नव्हता. त्या दिवशी मी वर गेले, सातव्या क्रमांकाची वही काढली, पदराखाली धरून खाली आणली, आणि दार लोटून घेऊन त्यांचं बोलणं त्यांना वाचून दाखवलं. मी वाचते तशीच वाचत होते, एका सुरात, चढउतार न करता.

"साहेब, मी बटणं करतो. शर्टाची, चार भोकांची. बटणाला रेझिन लागतं, ते बाहेरून येतं, त्यावर शुल्क आहे. करारात ते शुल्क जाणार, म्हणजे रेझिन स्वस्त. चांगलं आहे. पण तयार बटणावरचं शुल्कही जाणार. म्हणजे तिकडची तयार बटणं इथे रेझिनच्याच भावात येणार. मग स्वस्त रेझिन घेऊन मी करू काय? माझा भाऊ माझ्यासारखाच बटणं करतो, तो म्हणतो करार नको. माझी मुलगी शहरात बाहेरची तयार बटणं मागवून विकते, ती म्हणते हवा. दोघंही माझी, दोघंही मला खोटं सांगणार नाहीत. चार वर्षं झाली. नवीन यंत्र घ्यावं का नको, माणूस ठेवावा का सोडावा, काही ठरत नाही. एकदाचं होऊन जाऊ दे."

वाचून संपल्यावर त्यांनी माझ्या वहीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "हे सगळं मी बोललो?"

"हो."

"बरा बोललो की. मला वाटत होतं मी गडबडून दोन मिनिटांत खाली बसलो." त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "शेवटचं पुन्हा वाचता?"

"एकदाचं होऊन जाऊ दे."

"म्हणजे करार होऊन जाऊ दे, की काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे?"

"ते तुम्ही सांगायचं."

"मी तुम्हाला विचारतोय, मॅडम. तुम्ही ऐकत होतात. मी बोलत होतो, मला ऐकू येत नव्हतं."

मी वहीत पाहिलं. त्या वाक्याला माझ्या वहीत सहा खुणा आहेत. त्या सहा खुणांत दमलेला आवाज, चिडलेला आवाज, खुशीचा आवाज, सगळे सारखेच दिसतात. हे शिकवताना आमच्या मास्तरांनी आम्हाला अभिमानाने सांगितलं होतं, की आपण फक्त शब्द घ्यायचे, बाकी काही घ्यायचं नाही, त्यातच आपली शान आहे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला ते फार आवडलं होतं. बाकी काही घ्यायचं नाही, या कल्पनेनेच मला हलकं वाटलं होतं.

"माझी आई आठ आठवडे हॉस्पिटलमध्ये होती," बटणवाले म्हणाले. "सातव्या आठवड्यात बाहेरच्या बाकावर बसून मी असंच म्हटलं होतं. भावाने ऐकलं. पुढे दोन वर्षं तो माझ्याशी धड बोलला नाही." त्यांनी मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे केले. "तेव्हाही कुणी विचारलं असतं, की बाबा, तुला हवंय तरी काय, तर मला सांगता आलं नसतं."

मी त्यांना सांगितलं की छापील अहवालात चूक असेल तर पंधरा दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आज तेरावा दिवस. अर्जात दोन चौकोन असतात, त्यांतल्या एकात खूण करायची आणि खाली सही. मी अर्ज आणून दिला. त्यांनी तो वाचला, उलटून कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलट केला. "इथेही दोनच," ते म्हणाले. अर्ज त्यांनी टेबलावरच ठेवला आणि मी तुम्हाला त्रास दिला असं म्हणून निघून गेले. दाराबाहेर पडल्यावर त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि मग पुन्हा डावीकडे पाहून उजवीकडे वळले.

दुपारी मी साहेबांकडे गेले. साहेब पेन साफ करत होते. मी म्हटलं, बटणवाल्यांच्या बाबतीत एक टीप जोडता येईल का, की त्यांचं म्हणणं स्पष्ट नव्हतं. साहेबांनी पेनमधून फुंकर मारली. "अस्पष्ट होतं तर तुम्ही खूण कशी केली?" हा प्रश्न त्यांनी टोचून विचारला नाही, साधाच विचारला. ते म्हणाले, "एकोणतीस पाठिंबा, चौतीस विरोध. एका बटणवाल्याने काही इकडचं तिकडे होत नाही." मी म्हटलं, त्यांचं होतंय. साहेबांनी पेनचं टोक कागदावर टेकवून पाहिलं. "मग त्यांनी सांगावं काय ते. आपण बोलवून विचारलं की त्यांना." आणि मग, मी दारापर्यंत गेल्यावर, "माझं विचाराल तर... बरं आहे, मला कुणी विचारत नाही." आता सांगायला हरकत नाही, त्या वर्षी तो करार झाला नाही आणि मोडलाही नाही. बैठक पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली. पण ते आम्हाला कुणालाच तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी बटणवाल्यांना सकाळचा चहा एकट्याने घ्यावाच लागला असता.

संध्याकाळी घरी आले तर आईने रेडिओ मोठ्याने लावला होता. तिला कमी ऐकू येतं. रेडिओवर चार माणसं कराराबद्दल भांडत होती आणि आई चौघांनाही उत्तरं देत होती. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला सगळ्या बाबतींत मत आहे. त्या दिवशी तिचं मत कराराच्या विरुद्ध होतं. आदल्या आठवड्यात ते बाजूने होतं. पण ज्या दिवशी जे असेल ते पक्कं. मला ते कधी जमलं नाही. दुकानात दोन रंगांच्या चादरी समोर टाकल्या की मी तिसरी मागते. यावर आई लोकांना सांगते, "हिने आयुष्यात एकच गोष्ट स्वतः ठरवली. आठ वर्षांची होती. मला निवडलं." हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. पाहुण्यांसमोर, शेजारणींसमोर, डॉक्टरांसमोर. आईवडील वेगळे झाले तेव्हा एका कचेरीत आम्हा दोघी बहिणींना नेलं होतं. खोलीत एक मोठं टेबल, टेबलामागे एक चष्मेवाले गृहस्थ, बाजूला एक कारकून लिहीत बसलेला. मला त्या कारकुनाचा हात आठवतो, मधल्या बोटाला शाई लागलेली. चष्मेवाल्यांनी आधी ताईला विचारलं. ताई तेरा वर्षांची होती, ती स्पष्ट म्हणाली, "बाबांकडे." मग त्यांनी मला विचारलं, आणि मी काहीतरी बोलले, आणि त्या कारकुनाने लिहिलं, आईकडे. मी काय बोलले ते मला आठवत नाही. कधीच आठवलं नाही. आई सांगते ते मला इतकं पाठ झालंय की त्याच्यामागे काही होतं का हे पाहायला जागाच उरली नाही.

त्या संध्याकाळी, बटणवाल्यांमुळे असेल, मी गॅलरीत जाऊन ताईला फोन लावला. ताई दुसऱ्या शहरात असते. बाबा गेल्यापासून एकटीच. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी तिला विचारलं.

"अगं, इतक्या वर्षांनी?" ताई म्हणाली. "तू आईकडे असं म्हणालीच नव्हतीस."

"मग?"

"तुला कंटाळा आला होता. तू म्हणालीस, चला ना आता. आणि दाराकडे गेलीस. आई दाराशी उभी होती, तिने हात पुढे केला, तू धरलास. त्यांनी लिहून घेतलं."

"बाबा कुठे होते?"

"खिडकीशी. सिगारेट ओढत होते ना." पलीकडे ताईने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "त्यांना आयुष्यभर वाटायचं, खिडकीशी उभा राहिलो नसतो तर. मी त्यांना सांगायचे, तसं काही नसतं हो. पण तसंच होतं गं."

फोन ठेवून आत आले तेव्हा रेडिओवर बातम्या लागल्या होत्या आणि आई त्यांनाही उत्तरं देत होती. मी तिच्या शेजारी बसले. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे तसं वाटत होतं. रेडिओचा आवाज कमी केला आणि तिच्या कानाशी म्हटलं, "आई, त्या दिवशी कचेरीत मी म्हटलं ना, चला ना आता?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला ऐकू आलं होतं. तिने पांघरुणाची किनार बोटांनी सरळ केली.

"दार तिथेच होतं," ती म्हणाली. "मी आधी जाऊन उभी राहिले." आणि तिने रेडिओचा आवाज पुन्हा मोठा केला. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. मला राग यायला हवा होता, किंवा हसू, किंवा निदान रडू तरी. काहीच धड आलं नाही. हिने मला पळवलं, की हिला माझ्या मनातलं आधीच कळलं होतं, की माझ्या मनात काही नव्हतंच आणि ती रिकामी जागा हिने भरली? तिन्ही मला पटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि बटणवाल्यांच्या गावाची बस पकडली. दोन तासांचा रस्ता. पर्समध्ये तो कोरा अर्ज आणि सातव्या क्रमांकाची वही. आता नियम मोडलाच होता. बसमध्ये मी ते वाक्य तोंडातल्या तोंडात वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणून पाहिलं. "एकदाचं" वर जोर देऊन म्हटलं की माणूस वैतागलेला वाटतो. "होऊन" वर दिला की तयार झालेला वाटतो. "जाऊ दे" लांबवलं की त्याने सगळ्यावरच पाणी सोडलंय असं वाटतं. शेजारच्या बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपली पिशवी मांडीवर घेतली.

गल्ली सापडायला वेळ लागला नाही. आवाजावरूनच कळत होतं. बटणं गोल पिंपात घालून तासन् तास फिरवतात, म्हणजे त्यांच्या कडा घासून गुळगुळीत होतात. प्रत्येक खोलीतून तो सळसळ सळसळ आवाज येत होता. एकाच खोलीतून येत नव्हता, तीच बटणवाल्यांची. आत अर्धवट झालेल्या चकत्यांची पोती भरून ठेवलेली, पांढरी, निळी, तपकिरी. ते भोकं पाडायच्या यंत्रापाशी बसले होते, यंत्र बंद. मला पाहून उठले, हात पुसले, आणि एकदम भिंतीकडे बघितलं. तेवढ्यात भिंतीपलीकडचं पिंप थांबलं आणि दारात त्यांचा भाऊ येऊन उभा राहिला. धाकटा, पण दिसायला थोरला, केसांत सगळी रेझिनची भुकटी.

"कोण या?" भावाने विचारलं. बटणवाल्यांना नाही, मला.

"यांचं बोलणं मी लिहून घेतलं होतं," मी म्हटलं. "तुम्हाला वाचून दाखवू का?"

असं काही करायचं मी ठरवून आले नव्हते. मी अर्ज द्यायला आले होते. पण वही हातात आली आणि मी वाचायला लागले, चकत्यांच्या पोत्यांमध्ये उभी राहून. भाऊ दारातच उभा राहिला. बटणवाले खाली बघत होते. "दोघंही माझी, दोघंही मला खोटं सांगणार नाहीत," हे वाक्य आलं तेव्हा भावाने दाराच्या चौकटीला हात लावला. मी शेवटपर्यंत वाचलं.

"शेवटचं कसं म्हणाला?" भावाने विचारलं. "कुठल्या आवाजात?"

"आवाज लिहिता येत नाही," मी म्हटलं.

"पण तुम्ही होतात ना तिथे."

मी होते. मी आठवायचा खरोखर प्रयत्न केला. हॉल, शिट्टी, पंखा, पेन्सिलीचं टोक. त्यांचा आवाज मला ओळखता आला असता, पण तो आता आठवता येत नव्हता. मी तोंड उघडलं असतं तर माझाच आवाज निघाला असता. मी वही मिटली.

भाऊच मग म्हणाला, "तो असंच म्हणतो. आई असतानाही म्हणाला होता. तेव्हा मला वाटलं, याला ती जायला हवीय." तो बटणवाल्यांकडे बघत नव्हता, पोत्यांकडे बघत होता. "आठव्या आठवड्यात मलाही तेच वाटलं. मी तोंडाने म्हटलं नाही, एवढंच."

बटणवाल्यांनी मान वर केली. "तू कधी बोलला नाहीस हे."

"काय बोलणार."

मला वाटलं, झालं. आता अर्जाची गरज नाही. पण भाऊ खोलीत आला, माझ्या हातातला अर्ज त्याने पाहिला आणि यंत्राच्या फळीवरची पेन्सिल उचलून बटणवाल्यांपुढे धरली. "मला कळलं ते कळलं," तो म्हणाला. "पण गल्लीला काय सांगू? बावीसजणांना काय एकेकाला आईची गोष्ट सांगत बसू? विरोध लिहून टाक, दादा. मग प्रश्न नाही." तो हे फार मायेने म्हणाला. बटणवाल्यांनी पेन्सिल घेतली, मग पेन्सिल चालणार नाही म्हणून मी माझं पेन दिलं. त्यांनी चौकोनात खूण केली, सावकाश, दोन वेळा गिरवली, खाली सही केली. भाऊ म्हणाला, दुपारून दोन पोती पॉलिशला पाठव, मी सांगतो त्याला. आणि तो आपल्या खोलीत गेला. पिंप पुन्हा सुरू झालं.

बटणवाले मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत दोन माणसांनी त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. थांब्यावर आम्ही दोघंच होतो.

"ही दुरुस्ती छापून येते का?" त्यांनी विचारलं.

"येते. पुरवणी यादीत."

"म्हणजे मुलीला दिसेल."

"त्यांनी पाहिली तर."

"ती पाहते. तिच्या धंद्याचं सगळं पाहते ती. पहिल्या यादीत माझं नाव पाहून तिने मिठाई पाठवली होती." त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, परत लावलं. "किती दिवस लागतात छापायला?"

"आठ-दहा."

"आठ-दहा दिवस आहेत मग," ते म्हणाले. जरा मोकळे झाल्यासारखे वाटले. बस आली तेव्हा त्यांनी माझी पर्स धरली, मी चढल्यावर दिली. "तुम्ही चांगलं वाचता, मॅडम," ते म्हणाले. "कुणाचीच बाजू घेत नाही." बस वळेपर्यंत मी मागे पाहत होते. ते गल्लीकडे गेले नाहीत. थांब्याच्या बाकावर बसून राहिले.

गुरुवारी, पंधराव्या दिवशी, कचेरी उघडताच मी अर्ज खिडकीत दिला. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारण्याआधी विचारलं, हे त्यांनी स्वतः भरलंय ना? मी म्हटलं, माझ्यासमोर. मग अर्ज साहेबांच्या टेबलावर गेला आणि साहेबांनी मला आत बोलावलं. त्यांनी गोषवारा पुढे ओढला, एकोणतीसवर काट मारून अठ्ठावीस केले, चौतीसवर काट मारून पस्तीस केले, आणि दोन्ही ठिकाणी आद्याक्षरं घातली. मग पेनचं टोपण लावता लावता थांबले.

"बाई, आता तरी हे नक्की ना?"

"नक्की लिहिलंय, साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी मान हलवली आणि फाइल वर पाठवायच्या ट्रेमध्ये ठेवली.